पावशी नसलेलं घर

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला येणारा पाहुणा सांगून येत नाही, आणि सरकारी माणूस सांगून आला तरी वेळेवर येत नाही. यंदा केशोरीच्या कापगत्यांकडे दोघंही एकाच दिवशी यायचे होते, त्यामुळे नीलाच्या हाताला सकाळपासून थारा नव्हता. अंगण एकदा झाडून झालं होतं, तेच ती पुन्हा झाडत होती. मध्येच झाडू टाकून चुलीकडे जायची, डाळ हलवायची, आणि तिथून खिडकीतून लेक खुशी कुठे आहे ते बघायची.

खुशी गोठ्यात होती. गाईंपुढे तणस, भाताचा पेंढा, टाकत होती.

"बाई, पावशी कुठी हाय जी?" रेणूने कांद्याची टोपली पुढ्यात ओढत विचारलं. चिरायला तिला विळी हवी होती.

रेणू ही नीलाची धाकटी जाऊ. गोंदियाजवळच्या मुर्रीहून ती, नवरा लोकेश आणि मुलगा हिमांशू असे तिघं एकाच मोटारसायकलवर आले होते. पोळ्यानंतर तिने या घरात आज पहिल्यांदा पाय ठेवला होता, आणि तोही सासऱ्याने निरोपावर निरोप धाडले म्हणून. आल्यापासून ती नीलाशी कामापुरतंच बोलत होती.

"पावशी शेजारी नेली," नीला म्हणाली.

"मंडईच्या दिवशी? पाहुने आपल्या घरी अन् पावशी शेजारच्यांच्या?"

"आनून देतो म्हनली ते."

"मंग इरा दे एखादा. इऱ्यानं चिरतो." धान कापायचा विळाही तिला चालणार होता.

"इरे वावरात हायेत."

"वावरात आज कोन हाय? मंडई सोडून धान कापाले कोन जाते बाप्पा?"

नीलाने टोपलीतला कांदा उचलला, पाट्यावर ठेवला आणि वरून बुक्की मारली. कांदा बरोबर चार फाका होऊन पडला. दुसरा घेतला, त्याचंही तेच. रेणू बघत राहिली. असा हात एका दिवसात बसत नाही, हे कोणत्याही बाईला कळतं. मग तिला ओसरीवरचं भासऱ्याचं, म्हणजे थोरल्या दिराचं, मघाचं कुरकुरणंही आठवलं. रोज काय ते उकडलेले आलू कुस्करून, हाताने खुडलेली भाजी, अख्खी वांगी! नीलाच्या नवऱ्याला, ताराचंदला, वाटत होतं बायको आळशी झाली. दोन महिने या घरात काही चिरलंच गेलं नव्हतं.

रेणूने टोपली बाजूला सारली. पण हे लक्षात ठेवायचं, असं तिने तेव्हाच ठरवलं.

ओसरीवर सासरा बकाराम कापगते पांढरंशुभ्र धोतर नेसून बसला होता. गावातली निम्मी भांडणं या माणसाने याच ओसरीवर बसून मिटवली होती. बांध कोरला, मिटव. बैल दुसऱ्याच्या धानात शिरला, मिटव. त्याच्या डोक्यात न्यायाचं एकच रूप होतं: ज्याचं नुकसान झालं त्याने मोठं मन करायचं, ज्याने केलं त्याने मान खाली घालायची, आणि मग सगळ्यांनी मिळून चहा घ्यायचा. नातीचं प्रकरणही तो याच मापाने मापत होता.

प्रकरण साधं नव्हतं. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या पोळ्याच्या, दिवशी हिमांशू आपला लाकडी नंदी घेऊन गावी आला होता. खुशी हातपंपावर कपडे धूत होती. पोराने नंदीला लावायचा लाल रंग तिच्या धुतलेल्या कपड्यांवर शिंपडला आणि हसला. बारा वर्षांचं पोर, हसणारच. खुशीने हातातली कपडे धोपटायची मोगरी उचलली आणि मारत सुटली. तिला धरायला दोन माणसं लागली. हिमांशूच्या कोपराचं हाड मोडलं. जुळलं, पण हात आता पूर्ण सरळ होत नाही.

बरं, हे पहिलंही नव्हतं. त्याआधी तिने वर्गातल्या मुलीचा दात पाडला होता. एकदा बापाच्या अंगावर गरम पेजेचं भांडं भिरकावलं होतं. राग उतरला की तीच पोरगी गाईच्या मानेला मिठी मारून बसायची आणि काय झालं ते धड सांगू शकायची नाही.

लोकेश त्या दिवशी पोराला दवाखान्यात टाकून तडक ठाण्यात गेला आणि सख्ख्या पुतणीविरुद्ध रिपोर्ट देऊन आला. संध्याकाळी त्याला पस्तावा झाला. पण रिपोर्ट म्हणजे काही शेजारी दिलेली कढई नव्हे, की जाऊन परत आणावी. खुशी पंधरा वर्षांची, म्हणून प्रकरण गोंदियाच्या बाल न्याय मंडळापुढे गेलं. काही दिवस ती मुलींच्या निरीक्षणगृहात राहिली, मग जामिनावर घरी आली. आता शेवटचा हुकूम व्हायचा होता. एक तर विशेष गृहात, म्हणजे सुधारगृहात, रवानगी, नाही तर घरीच, देखरेखीखाली. त्यासाठी घरातल्या कोणीतरी तिच्या चांगल्या वागणुकीचं आणि तिच्या भल्याचं हमीपत्र द्यायचं. ते कोण देतं आणि घर कसं आहे, हे बघायला परिवीक्षा अधिकारी रंजिता मॅडम आज येणार होत्या.

"म्या ठरवलं हाय," बकाराम दोन्ही मुलांना म्हणाला. "हमी लोकेश घेईन. ज्याच्या पोराचा हात मोडला तोच म्हनन का पोट्टी माया घरी ठेवतो, तं मॅडम काय बोलन? तोंडच बंद होईन."

लोकेश राइस मिलमध्ये सुपरवायझर. दिवसभर हमालांवर ओरडणारा माणूस, पण बापापुढे अजून त्याचा आवाज निघत नसे. "बाबूजी, रेनूले इचारलं नाई म्या."

"बायकोले इचारून रिपोर्ट देल्ला होता का?"

हाच दगड बाप दोन महिने त्याच्या छातीवर ठेवत होता. अंगणात हिमांशू डाव्या हाताने भिंतीवर चेंडू मारत होता. उजवा हात त्याने खिशात घातला होता.

"मी तं म्हनतो, राहू द्या तिले तिकडंच," ताराचंद जमिनीकडे बघत म्हणाला. पोरीचा बाप तो. "शिकन, सवरन. इथं काय करून रायली?"

"अन् पाहुन्यानं इचारलं, पोट्टी कुठी, तं काय सांगशीन? लगन कराचं हाय का नाई तिचं?" बकाराम कडाडला. मग त्याची नजर गोठ्याकडे गेली आणि राग दुसरीकडे वळला. "अन् हे पाहा! तनशीचा ढीग कसा एकाच अंगानं खाऊन रायली पोट्टी. शंभरदा सांगतलं, चारीकडून उपस. एखाद्या दिवशी पडन गाईच्या अंगावर. एक काम धड नाई!"

ढीग खरंच विचित्र दिसत होता. गोठ्याकडची बाजू पार पोखरलेली आणि परसाकडची जशीच्या तशी, भिंतीसारखी उभी.

रंजिता मॅडम आल्या तेव्हा चौकात दंडारीच्या नाचाची ढोलकी सुरू झाली होती आणि भोंग्यावर कोणीतरी रात्रीच्या नाटकाच्या तिकिटांचं ओरडत होतं. बसमधून उतरून, पाहुण्यांच्या गर्दीतून वाट काढत त्या घर विचारत आल्या. दारावरून जाणाऱ्या शेजारच्या लीलाधरने "कोन पाहुने जी?" म्हणून विचारलं, तर बकारामने धडधडीत सांगून टाकलं, "रेनूची मावसबहीन." आयुष्यभर लोकांना खरं बोला म्हणून सांगणारा म्हातारा! मॅडमने ऐकलं, हसल्या आणि ओसरीवर बसल्या. त्यांच्यापुढे अनरसे आले, चिवडा आला, पुन्हा अनरसे आले.

"काकाजी, आता खाणं पुरे. सगळे बसता का? खुशी, तूही बस."

सगळे बसले. खुशी दाराच्या चौकटीला टेकून बसली. वेणी घट्ट, नखं कुरतडलेली. भासऱ्यासमोर रेणूने रीतीप्रमाणे पदर डोक्यावरून ओढला आणि ती आतल्या दाराशी उभी राहिली. या घरात आल्यापासून ती ताराचंदशी एक शब्द थेट बोलली नव्हती. काही सांगायचंच झालं तर भिंतीला सांगायची किंवा पोराला.

बकारामने घसा साफ केला आणि ठरवलेलं भाषण केलं. घराणं, इज्जत, लेकरांची चूक, मोठ्यांचं मन. आणि शेवटी, "तवा माया लहान पोरगा लोकेश पोट्टीची जिम्मेदारी घेऊन रायला. मुर्रीले नेईन. पोराच्या बापानंच माफ केलं, आता भांडन खतम!"

रेणूने हे पहिल्यांदा ऐकलं. तिने नवऱ्याकडे बघितलं. लोकेश चिवड्यातले दाणे निवडत होता.

"कोनी माफ केलं?" ती म्हणाली. पदर डोक्यावरून घसरला, तिने तो सावरला नाही. "माया पोट्ट्याचा हात सरका होत नाई, अन् तुमी माफी वाटून रायले? अन् त्याच घरात, त्याच्याच खाटेच्या बाजूनं झोपवाल तिले?"

"रेनू, हळू," लोकेश पुटपुटला.

"तू तं बोलूच नको! रिपोर्ट देतानी इचारलं नाई, पोट्टी आनतानी इचारलं नाई." मग ती वळली आणि थेट ताराचंदसमोर उभी राहिली. बकारामचे डोळे विस्फारले. "अन् तुमी, भाऊजी? तुमची पोरगी हाय ना? तुमी काऊन नाई घेत हमी? बोला ना!"

ताराचंदने मान वर केली नाही. धाकट्या भावाची बायको तोंडावर बोलली याची त्याला लाज वाटत होती, की ती खरं बोलली याची, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

रंजिता मॅडमनी रेणूचं सगळं होऊ दिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "काकाजी, माफी करायची की नाही, ते तुमचं घर बघेल. मंडळाला तडजोड नको आहे. मला इतकंच कळायला हवं की हिला राग आला की घरात कोण काय करतं. हिच्याकडे लक्ष कोण ठेवतं. समुपदेशनाला कोण नेईल, आणि काही बिनसलं तर मला कोण कळवेल." त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "हिची भीती कोणाला वाटते?"

"भेव? घरच्या पोट्टीचं?" बकाराम हसला. "कोनालेच नाई जी."

"नाई," ताराचंद म्हणाला.

"नाई, तसं काही नाई," लोकेश म्हणाला.

नीलाचे ओठ हलले, पण सासऱ्याची नजर तिच्यावर होती. एक चुकीचा शब्द गेला तर पोरगी विशेष गृहात जाईल, हे त्याने तिला सकाळीच बजावलं होतं. पोर आपल्याच तोंडाने घालवायची म्हणजे काय, हे आईशिवाय कोणाला नाही कळणार.

मॅडम हिमांशूकडे वळल्या. "तुझं काय रे? दुखतो का हात?"

"दुखता नहीं," तो म्हणाला. "बॉलिंग नहीं होती, बस."

त्याने हात लांब केला. कोपरापुढे तो वाकडाच राहिला. तो हात बघून रेणूचं उरलंसुरलं अवसान फुटलं.

"मॅडम, या घरात पावशी नाई," ती म्हणाली. "इरा नाई. कुराड नाई. धान कापनीच्या दिवसात कुनब्याच्या घरी एक पातं नाई! इचारा ह्यांले काऊन. म्हने भेव नाई!"

बाहेर ढोलकी चालूच होती. नीलाने डोळे मिटले. झालं, असं तिच्या मनात आलं. दोन महिने झाकलेलं जावेने एका वाक्यात उघडं केलं. तिला रेणूचा संताप आला आणि त्याच क्षणी छातीवरचं ओझं थोडं उतरल्यासारखंही वाटलं.

तेवढ्यात खुशी उठली.

ती ओसरी उतरली आणि गोठ्याकडे निघाली. सगळे धडपडत मागे गेले, पण अंतर राखून. ताराचंद दारापाशीच थांबला, आणि त्याचा हात कडीवर होता. खुशी ढिगाला वळसा घालून परसाकडच्या बाजूला गेली, त्या अख्ख्या, हात न लागलेल्या बाजूला. खांद्यापर्यंत हात तणशीत घातला. एक विळा काढला. दुसरा. मग कुऱ्हाड. शेवटी गोणपाटात गुंडाळलेली पावशी. सगळं उचलून तिने मॅडमच्या पायाशी ठेवलं आणि स्वतः चार पावलं मागे जाऊन उकिडवी बसली.

"तुला माहीत होतं?" मॅडमनी विचारलं.

"गाईले तनस मीच टाकतो."

"मग काढलं का नाहीस?"

खुशीने नख कुरतडलं. "आई पाहाटे इरे काढते, सांजेले ठेवते; पावशी तं काढतच नाई. तिले वाटते मले मालूम नाई. म्या इकडून तनस उपसली असती तं दिसलं असतं सगरं. मंग आईनं दुसरी जागा शोधली असती. आदीच झोपत नाई ते."

बकाराम ढिगाकडे बघत राहिला. एका अंगाने खाल्लेला ढीग. शंभरदा सांगितलं, चारीकडून उपस. तो तिथेच गोठ्याच्या दगडावर टेकला.

"आणि डोकं फिरतं तेव्हा?" मॅडम तिच्यासमोर खाली बसल्या.

"फिरते ना. तवा मी तिकडच्या बाजूनं येऊन बसतो. गाय चाटते."

"या बाजूला कधीच आली नाहीस?"

"एक डाव."

"काय केलंस?"

"पावशी काढली. मंग वापस ठेवली."

"मले मालूम हाय," नीला म्हणाली.

खुशीने चमकून वर पाहिलं.

"त्या दिवशी पावशी उलटी होती. म्या पातं खाली करून ठेवतो, ते वर होतं." आता नीला थांबणार नव्हती. "मॅडम, मी भेतो. माया पोटची हाय, पन भेतो. रात्री तिचं पांघरून हाललं तरी उठून बसतो. तिले जेवाले वाढतानी हात कापते माया. लिहा हे. लिहून टाका. पन तिले नेऊ नका."

"गेली पोट्टी," बकाराम पुटपुटला. "सोताच्या मायनंच घालवली."

"काकाजी, उलटं आहे," रंजिता मॅडम म्हणाल्या. "भीत नाही म्हणणारा माणूस मला फोन करत नाही. मग जे व्हायचं ते होऊन गेल्यावर मला कळतं." त्या खुशीकडे वळल्या. "तुला कोणाकडे राहायचंय?"

"आईकडं. आई भेते म्हनून पाहाते तरी मायाकडं. बाकीचे भेत नाई म्हनते अन् दाराले कडी लावून झोपते."

ताराचंदने कडीवरचा हात काढला. बराच वेळ त्या हाताचं काय करावं हे त्याला सुचेना. मग तो पायऱ्या उतरून खाली आला आणि बायकोपासून थोडं दूर, पण तिच्याच बाजूला उभा राहिला.

"ताई, हमीपत्र तुम्ही द्याल?" मॅडमनी नीलाला विचारलं. "तीन वर्षांपर्यंतची असू शकते. मी दर महिन्याला येईन. समुपदेशनाला गोंदियाला यावं लागेल. हुकूम मंडळच देईल, मी फक्त अहवाल देणार. मंडळ कदाचित जामीनदारही मागेल."

"बाईमानसाची सही..." बकारामने सुरुवात केली आणि कोणी काही म्हणायच्या आत स्वतःच थांबला.

"जामीन मी राहीन," रेणू म्हणाली.

लोकेशने बायकोकडे असं बघितलं की जणू ती परक्या घरातली आहे.

"काय पाहून रायले? मले बी भेव लागते, म्हनून राहीन. गोंदियाले आली का मी नेईन तिले त्या समुपदेशनाले. पोट्ट्याले जवर आननार नाई. अन् मॅडम, माफ नाई केलं म्या. हे बी लिहा."

"लिहिते," मॅडम म्हणाल्या, आणि खरंच लिहिलं.

त्या निघाल्या तेव्हा अर्जुनीची बस सुटायला थोडा वेळ होता. नीलाने त्यांच्या पिशवीत अनरसे कोंबले. त्यांनी आपला नंबर नीलाच्या मोबाइलमध्ये स्वतः टाकून दिला. "काही वाटलं तरी फोन करायचा. काही व्हायची वाट बघायची नाही."

मंडईचे पाहुणे आता खरोखरच यायला लागले होते. अंगणात चार चपला होत्या, त्यांच्या दहा झाल्या. चूल पेटलेली, रस्सा व्हायचा, आणि कांद्याची टोपली अजून तशीच पडलेली. रेणूने पावशी धुतली, पुसली आणि जमिनीवर ठेवली. त्यावर बसायचं कोणी, हे ठरलं नव्हतं. हिमांशू दारात उभा होता. रेणूने त्याला खांद्याला धरून आपल्यामागे ओढलं.

खुशी आली, पावशीवर पाय ठेवून बसली आणि तिने कांदा उचलला.

पातं वर आलं. कांदा दोन झाला. नीला चुलीशी होती, आणि तिच्या नकळत हातातली पळी उभी धरली गेली होती, कोणी अंगावर आलं तर अडवायला धरावी तशी. खुशीने मान वर न करता ते पाहिलं.

"भेलीस ना?"

खोटं बोलायला एवढासा क्षण होता. दोन महिने नीला अशाच क्षणांत खोटं बोलत आली होती.

"भेली," ती म्हणाली.

"मंग लाव फोन मॅडमले."

"येवढ्यासाठी?"

"येवढ्यासाठीच."

नीलाने पळी खाली ठेवली. पदराला हात पुसले, मोबाइल घेतला, आणि भोंग्याच्या आवाजात ऐकू यावं म्हणून दुसऱ्या कानावर तळहात दाबला. पलीकडे बसचं इंजिन ऐकू येत होतं.

"मॅडम, मी नीला बोलतो, केशोरीची... नाई, झालं काही नाई जी. पोरगी कांदा चिरून रायली."

"आणि?"

"अन् मी भेऊन रायलो."

"बरं. मग आता?"

नीलाने पाहिलं. खुशीच्या डोळ्यांतून कांद्याचं पाणी वाहत होतं आणि ते ती मनगटाने पुसत होती. टोपली अजून अर्धीही झाली नव्हती.

"आता काय," नीला म्हणाली, "चिरून रायली."